ऑक्टोबरात शेटलंड आणि फेअर आइल: आधी वारा बघा

प्रश्न थोडक्यात असा: विचारणारे मूळचे पुण्याचे, सध्या ग्लासगोत नोकरीला, ऑक्टोबरच्या आसपास नऊ दिवसांची सुट्टी हाताशी. शेटलंडला किंवा फेअर आइलला जाऊन स्थलांतर करणारे पक्षी बघायचेत. कधी जावं, कुठे राहावं, कसं बघावं? आणि जिथे धड एक झाड नाही अशा बेटांवर सैबेरियाचे पक्षी येतातच कशाला?

मी अठरा वर्षं ॲबरडीनला राहते. रिंगिंगचा, म्हणजे पक्ष्यांच्या पायात कडी घालण्याचा, परवाना आहे आणि दोन-तीन वर्षं सोडली तर प्रत्येक ऑक्टोबर तिकडे गेलाय. शेवटचा प्रश्न आधी घेते. तो कळला की बाकीच्यांची निम्मी उत्तरं मिळतात.

शेटलंड हा स्कॉटलंडच्या उत्तरेचा बेटांचा समूह, साधारण ६० अंश उत्तरेला. पूर्वेला समुद्र ओलांडला की नॉर्वे, पश्चिमेला थेट अटलांटिक. ऑर्कनी हा दक्षिणेकडचा दुसरा बेटसमूह आणि शेटलंड यांच्या मधोमध एकटं पडलेलं फेअर आइल: लांबी जेमतेम पाच किलोमीटर, रुंदी त्याच्या निम्मी, वस्ती पन्नासेक माणसांची. सप्टेंबर-ऑक्टोबरात स्कँडिनेव्हियातून लाखो छोटे पक्षी रात्रीचे दक्षिणेकडे निघतात. आकाश स्वच्छ असेल तर ते बिनबोभाट डेन्मार्क-जर्मनीकडे जातात, आपल्याला एकही दिसत नाही. पण वाटेत ढग, पाऊस, वरून पूर्वेचा वारा असा योग आला की ते समुद्रावर ढकलले जातात. पहाटे उजाडतं तेव्हा खाली फक्त पाणी आणि पाण्यात एक खडक. रात्री चुकीच्या एसटीत बसलेला प्रवासी पहाटे डोळे उघडल्यावर ज्या पहिल्या थांब्यावर उतरतो, तो थांबा म्हणजे फेअर आइल.

झाड नाही म्हणून पक्षी कसे, असं तुम्ही विचारताय. उलट आहे. झाडं नाहीत म्हणूनच ते दिसतात. (या दिवसांना आपण पानगळ म्हणतो, तिथे गळायला पानंच नाहीत.) पाच-सहा ग्रॅमचा वटवट्या नॉर्वेच्या जंगलात उतरला तर तो गेलाच. इथे त्याला आडोसा काय, तर दगडी गडग्याची फट, पाण्याचा चर, ओटचा एखादा पट्टा, सलगमाचा वाफा, कुणाच्या परसातली चार गुलाबाची झुडपं. त्यामुळे पक्षी तेवढ्याच जागांत गोळा होतात आणि आपल्यालाही तेवढ्याच जागा बघायच्या असतात.

आता सैबेरिया. पिवळ्या भुवईचा पर्ण वटवट्या, इंग्रजीतला यलो-ब्राउड वार्बलर, उरल पर्वताच्या आसपास आणि त्याहून पूर्वेला तैगाच्या जंगलात वीण करतो आणि हिवाळ्यात आग्नेय आशियात जातो. वजन आपल्या पाच रुपयांच्या नाण्याइतकं. हा पक्षी उलट्या बाजूला तीन हजार किलोमीटरहून जास्त उडून शेटलंडला येतो, आणि एकदोन नव्हे, चांगल्या दिवशी एकट्या शेटलंडमध्ये शेकड्यांनी. एकेकाळी डायरीत लाल शाईने लिहायचा पक्षी होता. आता तो दिसला नाही तर लोक काळजी करतात.

असं का होतं, याचं एकच उत्तर नाही. यातले बहुतेक पक्षी त्याच उन्हाळ्यात जन्मलेले असतात. आईबाप वाट दाखवत नाहीत, दिशा जन्मजात मिळते. यॉर्गन राबॉल या डॅनिश अभ्यासकाने १९६९ मध्ये मांडलं की काही पिल्लांची दिशा बरोबर उलटी लागते: आग्नेयेला जायचं ते वायव्येला निघतात. त्यात वारा भर घालतो. पण सगळे ‘चुकलेले’ असतात हे मला स्वतःला कधी पटलं नाही. रिचर्डची तिरचिमणी हा असाच सैबेरियाचा पक्षी. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की दक्षिण फ्रान्समध्ये हिवाळा काढणाऱ्या तिरचिमण्या सैबेरियात जाऊन वीण करतात आणि पुन्हा तिथेच परततात. म्हणजे ही चूक नाही, नवी वाट पडते आहे. पिवळ्या भुवईवाल्यांचंही तसंच होत असेल का, यावर आमच्यात रात्री चहावर भरपूर वाद होतात.

या बेटाकडे लक्ष गेलं ते विल्यम ईगल क्लार्क यांच्यामुळे. एडिंबराच्या संग्रहालयातला हा माणूस १९०५ मध्ये पहिल्यांदा फेअर आइलला गेला आणि ब्रिटनमध्ये स्थलांतर बघायला याहून चांगली जागा नाही हे त्याने ओळखलं. दुसरे जॉर्ज वॉटरस्टन. महायुद्धात क्रीट बेटावर पकडले गेले आणि जर्मनांच्या कैदेत असताना त्यांनी फेअर आइलवर पक्षी-वेधशाळा काढायचे आराखडे आखले. आजारी म्हणून सुटका झाली, आणि परतीच्या जहाजातून मायदेशाचा जो पहिला तुकडा दिसला तो नेमका फेअर आइल. १९४७ मध्ये त्यांनी बेटच विकत घेतलं, १९४८ मध्ये नौदलाच्या जुन्या खोपटांत वेधशाळा सुरू केली, १९५४ मध्ये बेट नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंडकडे दिलं. मार्च २०१९ मध्ये वेधशाळेची इमारत आगीत जळाली. सुदैवाने माणसं वाचली, आणि जुन्या नोंदींच्या प्रती आधीच काढून ठेवलेल्या होत्या. हंगामात दररोज ठरलेल्या वाटांनी बेट पालथं घालून मोजणी करायची ही तिथली शिस्त १९४८ पासूनची. बेटाच्या यादीत ३९० हून जास्त जाती आहेत त्या याच शिस्तीमुळे.

आता तुमचे नऊ दिवस. सप्टेंबरची २८ ते ऑक्टोबरची १२ या पट्ट्यात बसवा. ऑगस्टअखेर ते सप्टेंबरमध्यात वेगळी मंडळी असतात, ऑक्टोबरअखेरीस रेडविंग-फील्डफेअर या कस्तुरांचे थवे, हिम भारीट आणि आइसलंडहून उतरणारे हूपर हंस. मधले दोन आठवडे म्हणजे सगळ्यांची सरमिसळ.

मात्र नऊच्या नऊ दिवस फेअर आइलवर लावू नका. मी पहिल्याच वर्षी तो हट्ट केला. शेटलंडच्या मुख्य बेटावरच्या टिंगवॉलहून आठ आसनांचं विमान पंचवीस-एक मिनिटांत पोचवतं हे वाचून मी खूश होते. ते विमान धुक्यात उडत नाही हे धावपट्टीच्या कडेला तीन दिवस बसल्यावर कळलं. गुड शेफर्ड नावाची बोट अडीच तासांत नेते, डझनभर माणसं घेते, आणि तीही समुद्राच्या मर्जीवर. पोचलात तरी परत कधी याल ते सांगता येत नाही. पहिल्या खेपेला शेटलंडच्या मुख्य बेटाच्या दक्षिण टोकाकडे मुक्काम करा, गाडी भाड्याने घ्या. क्वेंडेल, बॉडम, जिओसेटर, संबरा हेड हे सगळं अर्ध्या तासाच्या आत आहे. वारा साथ देतोय असं दिसलं तर मधले तीन दिवस फेअर आइल, एक दिवस उत्तरेला अन्स्ट बेट. गर्दी नको असेल तर ऑर्कनीतलं नॉर्थ रोनाल्डसे बघा. तिथेही १९८७ पासून वेधशाळा आहे, आणि बेटाभोवतीच्या दगडी भिंतीबाहेर समुद्रशेवाळ खाऊन जगणाऱ्या मेंढ्या हा वेगळा तमाशा.

वारा. याच्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते आणि तुम्हीही घालवावा. नवखा माणूस शेटलंडवरचा वारा बघतो. बघायचा असतो नॉर्वे, बाल्टिक आणि त्यामागच्या रशियावरचा. स्कँडिनेव्हियावर उच्च दाबाचं क्षेत्र तीन-चार दिवस ठाण मांडून बसलंय, त्याच्या दक्षिण कडेने पूर्वेचा वारा थेट उत्तर समुद्रापर्यंत वाहतोय, आणि तुमच्या डोक्यावर पहाटे पाऊस किंवा धुकं येणार आहे: असा नकाशा दिसला की रात्री लवकर झोपा. नुसता पूर्वेचा वारा आणि लख्ख ऊन असेल तर पक्षी वरून निघून जातात. पाऊस लागतो. लोक भिजायला नको म्हणून अकरापर्यंत खोलीत बसतात आणि तेवढ्यात दिवस संपलेला असतो.

२०१६ चा ऑक्टोबर असा होता. पूर्वेचा वारा थांबेचना. नऊ तारखेला शेटलंडमधल्या मॉसी हिलवर सैबेरियन ॲक्सेंटर हा चिमणीएवढा पक्षी सापडला, ब्रिटनमधला पहिलावहिला. पुढे त्या हंगामात युरोपभर या पक्ष्याच्या दोनशेहून जास्त नोंदी झाल्या. कामावरून रजा मिळाली नाही म्हणून त्या आठवड्यात मी ॲबरडीनमध्ये होते. याविषयी जास्त लिहीत नाही.

पश्चिमेचा वारा म्हणजे निराशा असं नाही. अटलांटिकवरून वेगाने धावणारं वादळ असेल तर अमेरिकेचे पक्षी येतात: सप्टेंबर २०१२ मध्ये फेअर आइलवर मॅग्नोलिया वार्बलर होता, पुढच्या वर्षीच्या ऑक्टोबरात अन्स्टवर केप मे वार्बलर. पण त्या भरवशावर तिकीट काढू नका. आणि हे एकतर्फीही नाही बरं का. शेटलंडच्याच फेटलर बेटावर वीण करणाऱ्या एका लाल मानेच्या फॅलरोपच्या (छोट्या पाणपक्ष्याच्या) पाठीवर २०१२ मध्ये बारीक यंत्र बसवलं होतं. सगळे म्हणत होते हे पक्षी अरबी समुद्राकडे जात असतील. तो गेला आइसलंड, ग्रीनलंड, अमेरिकेचा पूर्व किनारा, मेक्सिको ओलांडून पॅसिफिकमध्ये, इक्वेडोरसमोर. आणि पुढच्या वर्षी परत फेटलरला.

बघायचं कसं? भटकू नका. चांगल्या चार जागा ठरवा आणि त्याच पुन्हा पुन्हा तपासा, कारण सकाळी आठला रिकामं असलेलं झुडूप दहाला भरतं. उजाडायलाच साडेसात वाजतात, त्यामुळे पहाटे उठण्याचं पुण्य फारसं लागत नाही. वाऱ्याच्या आडोशाची बाजू आधी. कड्यांमधल्या अरुंद खाचा असतात, तिकडे त्यांना ‘गिओ’ म्हणतात. त्यांच्या तळाशी समुद्रशेवाळाचे कुजके ढीग आणि त्यावर माश्या. वरून वाकून बघितलं तर तैगात पाइनच्या शेंड्यावर फिरणारा पिवळ्या भुवईवाला इथे काळ्या खडकावर, फेसाच्या दोन हात वर, माश्या टिपताना दिसतो. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला हसू आलं होतं. नंतर दुर्बिणीत त्याचे पंख दिसले, भिजून चिकटलेले, आणि दर दोन-तीन माश्यांनंतर तो डोळे मिटत होता.

दुसरी गोष्ट चराची. लान्सिओलेटेड वार्बलर हा अंगभर बारीक रेघांचा, चिमणीपेक्षा लहान पक्षी. ब्रिटनमधल्या त्याच्या नोंदींपैकी मोठा वाटा एकट्या फेअर आइलचा. तो सहसा उडत नाही, चालतो, उंदरासारखा. एका सप्टेंबरअखेरीस आम्ही पाच जण गवताळ चराच्या दोन्ही काठांवर न बोलता उभे होतो. गवताची पाती हलत हलत माझ्याकडे आली. मग पक्षी बाहेर आला, माझ्या रबरी बुटाच्या पुढच्या टोकावर चढला, तिथे थांबून शेपटी एकदा झटकली आणि पलीकडे उतरून गवतात गेला. मला दुर्बीण उचलताही आली नाही, इतक्या जवळ ती जुळतच नाही. अशा वेळी चरात पाय घालून पक्षी उठवणारे लोक असतात. त्यांच्यातले होऊ नका. दमलेल्या पक्ष्याला पाचदा उडवलं की सहाव्यांदा त्याला मर्लिन ससाणा उचलतो, आणि हे मी पाहिलंय.

आता तुमच्या फायद्याची गोष्ट. तिथे दुर्मिळ म्हणून ज्यांच्यामागे माणसं धावतात त्यातले कितीतरी पक्षी तुम्ही पुण्यात न्याहारीच्या आधी पाहिलेले आहेत. हिरवट पर्ण वटवट्या हिवाळ्यात सह्याद्रीतल्या जवळजवळ प्रत्येक झाडावर असतो. शेटलंडला ऑगस्ट-सप्टेंबरात एक सापडला तरी फोन वाजायला लागतात. ब्लिथचा बोरू वटवट्या फिनलंडपर्यंत वीण करतो आणि हिवाळा काढायला आपल्याकडे येतो. घाणेरीच्या जाळीतून येणारा त्याचा ‘टक्, टक्’ तुमच्या कानात बसलेला असणार. इथल्या मुरलेल्या लोकांनाही तो युरोपातल्या साध्या रीड वार्बलरपासून वेगळा काढताना घाम फुटतो. तुम्ही आवाजावरून अर्धं काम कराल. शंकर (ब्लूथ्रोट), मानमोडी (रायनेक), तिरचिमण्या, पिवळ्या डोक्याचा धोबी हे सगळे तिथे येतात. त्या धोब्याची ब्रिटनमधली पहिली नोंद १९५४ च्या सप्टेंबरची, फेअर आइलचीच.

तारेवर गप्पीदास दिसला तर मात्र ‘हा काय, आपलाच’ म्हणून पुढे जाऊ नका. युरोपातलाही असू शकतो, सैबेरियातलाही. शेपटीच्या वरचा भाग बघा: सैबेरियावाल्याचा फिका, पीच फळाच्या रंगाचा, त्यावर एकही ठिपका नाही. त्यातही पूर्वेकडचा आणि पश्चिमेकडचा असे दोन प्रकार आहेत आणि ते नुसत्या डोळ्यांनी नीट सुटत नाहीत. मग लोक काय करतात, तर पक्षी ज्या खांबावर बसला होता त्यावरची शीट डबीत भरून ॲबरडीन विद्यापीठात पाठवतात. तिथे डीएनए तपासून सांगतात. पोस्टात टाकण्यासारखी ती वस्तू नव्हे, पण माझ्या फ्रीजमध्येही एकदा दोन रात्री अशी डबी होती.

पिवळ्या भुवईवाल्याचा जुळा भाऊ म्हणजे ह्यूमचा पर्ण वटवट्या. विदर्भातल्या जंगलात हिवाळ्यात तो भेटतो, शेटलंडला ऑक्टोबरअखेरीस एखादा. रंगाने राखट, चोच-पाय गडद. पण खरी ओळख आवाजाची: पिवळ्या भुवईवाल्याचा ‘त्सु-ईट’ बारीक आणि शेवटी वर चढणारा, ह्यूमचा दोन तुकड्यांत, चिमणीच्या चिवचिवीकडे झुकणारा. निघण्याआधी दोन्ही आवाज आठवडाभर ऐका. तिथे गेल्यावर मात्र फोनवर वाजवून पक्ष्याला बोलावू नका.

आणि भोरडी. कझाकस्तानच्या आसपासची ही आपल्या जोंधळ्याच्या शेतांत थव्यांनी येते, शेतकरी गोफण घेऊन मागे लागतो. तिचं एखादं पहिल्या वर्षाचं पिल्लू शरदात शेटलंडला पोचतं आणि स्टार्लिंगच्या टोळीत घुसतं. क्वेंडेलजवळच्या एका घरापुढे मी असंच एक पाहिलं. मातकट फिका रंग, चोच पिवळी, बाकी सगळे काळे. घरच्या आजींनी कुंपणावर सफरचंदाचे अर्धे तुकडे खोचून ठेवले होते. त्या म्हणाल्या, “हे पांढरट कोण आलंय चार दिवस झाले?” मी म्हटलं, हे माझ्या मामाच्या गावचं आहे, सोलापूरकडचं. त्यांनी मला आत बोलावून चहा दिला. पिल्लाचा हिवाळा तिथे निघाला असेल असं मला वाटत नाही.

आजींवरून आठवलं. स्कॉटलंडच्या २००३ च्या कायद्याने रानात, माळावर जबाबदारीने फिरायचा हक्क सगळ्यांना आहे, पण घराच्या परसाला तो लागू नाही. दार वाजवून विचारा. नाही म्हणणारा क्वचितच भेटतो. फाटक जसं होतं तसं ठेवा. पिकाच्या पट्ट्यातून चालू नका. फार दुर्मिळ पक्षी सापडला तर अशा नोंदी तपासणारी, १९५९ पासून काम करणारी रेअरिटीज कमिटी आहे, तिला वर्णन पाठवावं लागतं. म्हणून फोटोआधी वहीत चार ओळी लिहा: पंखावरच्या पट्ट्या किती, पायांचा रंग, आवाज. वेधशाळेत रात्री दिवसभराची मोजणी मोठ्याने वाचली जाते. तिथे बसा आणि तुमचे रेडविंग, गोल्डक्रेस्ट, साध्या चिमण्यासुद्धा सांगा. मला स्वतःला दुर्मिळ पक्ष्यापेक्षा, काल चाळीस असलेले गोल्डक्रेस्ट आज चारशे झाले हे ऐकायला जास्त आवडतं.

सामानात दुर्बीण आठ बाय बेचाळीसची पुरे, स्पॉटिंग स्कोप असेल तर न्या, छत्री नेऊ नका. रबरी बूट हवेतच. ॲबरडीनहून बोट संध्याकाळी सुटते आणि सकाळी साडेसातच्या सुमारास लर्विकला लागते. वाऱ्याचा नकाशा मनासारखा असेल तर त्या रात्री समुद्र खवळलेला असणार. जेवण बोट सुटण्याआधीच उरका, आल्याचा तुकडा खिशात ठेवा आणि झोपायला बोटीच्या मध्यावरची, जमेल तितकी खालची जागा मागा.